चतुर्थीत खायचं, पण सोसेल एवढंच: गावाक येणाऱ्यांसाठी आणि वाढणाऱ्यांसाठीपण

यंदा जरा कंट्रोलमध्ये खायचं, असा बेत चतुर्थीला गावी येणारा प्रत्येक चाकरमानी गाडीत बसतानाच करतो आणि तो कणकवली स्टेशनपासून घराच्या खळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही, कारण चपला काढायच्या आधीच आतनं आवाज येतो, "चाय ठेवलंय, नेवऱ्यो गरम आसत, आदी दोन खा मगे हातपाय धू." (नेवऱ्यो म्हणजे करंज्या.) झालं, कंट्रोल तिथेच ओटीवर बसला.

मग पाच दिवस, सात दिवस, ज्यांच्याकडे अकरा त्यांच्याकडे अकरा (काही घरांत तर एकवीस दिवसांचा गणपती असतो, त्यांना माझा नमस्कारच) असं खाणं चालतं आणि परत जाताना सगळे मोदकांना शिव्या घालतात. मला हे पटत नाही. मोदकांनी कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मोदकांच्या आजूबाजूला जे खाल्लं जातं आणि मोजलंच जात नाही त्याने.

हिशोबच करून बघा ना. मध्यम आकाराचा उकडीचा मोदक धरा, साधारण २० ग्रॅम तांदळाची पिठी, १५ ग्रॅम ओलं खोबरं, १० ग्रॅम गूळ, म्हणजे १६० च्या आसपास कॅलरी, वर चमचाभर तूप सोडलं की आणखी ४५. तीन मोदक तुपासकट खाल्ले तर सहाशेच्या घरात गेलो, वर्षातनं एकदा हे काय फार नाही हो, त्यादिवशी भात कमी घ्या, संपलं. आता दुसरीकडचं बघा. संध्याकाळी वाडीत आरतीला निघालात, सहा घरं झाली, सहा घरी चहा झाला, गावच्या चहात दोन चमचे साखर कुठे गेली नाही, म्हणजे एका कपात आठेक ग्रॅम, सहा कपांची झाली ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, मोठ्या माणसाला ती बसते ५० ग्रॅमच्या आसपास, आणि जमलं तर त्याच्या निम्मी. म्हणजे दिवसभराचा कोटा नुसत्या चहात संपला, अजून पेढा, पंचखाद्य, बुंदीचा लाडू, गूळ-खोबरं यातलं काहीच धरलेलं नाही आणि विचारलं तर माणूस म्हणणार, मी संध्याकाळपासून काय खाल्लंच नाय, फक्त चाय पिलंय!

म्हणून माझा नियम असा आहे की मोठ्या जेवणात कपात करायची नाही, मधल्या खाण्यात करायची.

दिवसाचं एकच मोठं जेवण धरा

चतुर्थीला ते दुपारचं असतं, तिखट सणाला (गौरीच्या मांसाहारी जेवणाला) पण दुपारचंच, विसर्जनाच्या दिवशी बऱ्याच घरी रात्रीचं होतं. सकाळी उठल्यावरच ठरवून टाका की आज माझं जेवण हे, तिथे नीट मांडी घालून, पान वाढून, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, मोदक, सगळं मनापासून खायचं, कुणी कॅलरी काढल्या तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आणि बाकीच्या दोन वेळा हलक्या. हलक्या म्हणजे उपाशी नाही हां, दुपारी भरपूर जेवायचंय म्हणून सकाळी काहीच न खाणारे जे असतात ना ते दुपारी दीड वाजता आरती लांबली की पहिल्या पाच मिनिटांत दुप्पट जेवतात, कारण पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात आणि तोवर वाढपी दोनदा फिरून गेलेला असतो. सकाळी एक आंबोळी आणि थोडं सांबारं नाहीतर एक घावन चटणीसोबत, एवढं पोटात असूद्या.

रात्रीचं तर आपल्याकडे आधीच ठरलेलं आहे पण सणात आपण ते विसरतो. उकड्या तांदळाची पेज, बाजूला लोणच्याची फोड आणि एखादी पालेभाजी. किंवा कुळथाची पिठी आणि भात. दुपारचं जड जेवण झाल्यावर रात्री पिठी-भातासारखं दुसरं काही नाही, कुळथात प्रोटीन चांगलं, गरम गरम पोटात जातं आणि भातही आपोआप कमी लागतो. सणाच्या दिवशी रात्री पिठी केली तर लोक काय म्हणतील असं वाटत असेल तर एकदा करून बघा, पाहुण्यांमधलाच कुणीतरी पुरुषमाणूस हळूच विचारेल, अजून आहे काय गो.

सणानेच हलके दिवस दिलेत ते वापरा

हे मला सगळ्यात आवडतं. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, त्यादिवशी ऋषीची भाजी, बैलाच्या मेहनतीचं काही खायचं नाही म्हणून अळू, सुरण, भोपळा, माठ, भेंडी, शिराळी, मक्याचं कणीस असं परड्यातलं सगळं एकत्र शिजतं, तेल नावाला, मसाला जवळजवळ नाहीच. मोदकांच्या दुसऱ्याच दिवशी भाजी! जुन्या माणसांनी काय विचार करून ठेवलं असेल ते ठेवलं असेल पण पोटाच्या दृष्टीने याच्याहून चांगली जागा नाही. आता मात्र होतं काय की ही भाजी वाटीभर, नैवेद्यापुरती, आणि तिच्याबरोबर कालचे मोदक तळून, पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा. मग काय उपयोग. त्यादिवशी घरातल्या सगळ्यांनीच पोटभर ऋषीची भाजी खायची, पुरुषांनी पण, फक्त बायकांचं व्रत म्हणून बाजूला ठेवू नका.

तसंच गौर येते त्यादिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य. तांदळाची भाकरी आणि पालेभाजी, तो पण हलका दिवस. म्हणजे पाच-सहा दिवसांच्या गणपतीत दोन दिवस असेच हलके निघाले, फक्त त्यांच्यात पुरी-शिरा घुसवू नका.

एक गोष्ट हरितालिकेबद्दल. काही घरी बायका निर्जळी करतात आणि त्याच दिवशी चतुर्थीची सगळी तयारी पण त्यांच्याच अंगावर, नारळ खवणं, पुरण करणं, मखर, सामान. दिवसभर पाणी नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता एकदम मोदक-भात, याने चक्कर, ॲसिडिटी, डोकेदुखी सगळं येतं. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी निर्जळी करूच नये, पाणी, केळं, दूध घेऊन पण व्रत होतं, आणि घरातल्या पुरुषांनी नारळ खवायला बसलं तर व्रत मोडत नाही, कुणी सांगितलं असेल तर विसरा.

आग्रह नावाचा प्रकार

सगळं शास्त्र इथे येऊन पडतं. आमच्या वाडीत एक काकी आहेत, त्यांची वाढायची पद्धत बघण्यासारखी आहे, तुम्ही नको म्हणायला तोंड उघडताय तोवर मोदक पानावर आलेला असतो, अंगठ्याने त्याचं नाक दाबून मोडलेलं असतं आणि त्या भोकात पळीने तूप सोडलेलं असतं. आता मोडलेला आणि तूप सोडलेला मोदक परत कोण घेणार! वर "एक खाल्लंस म्हणान काय मरतलंस नाय" हे असतंच.

नुसतं नको नको म्हणून काही होत नाही कारण आपल्याकडे पहिलं नको हे नको धरतच नाहीत, दुसरं पण नाही, तिसऱ्यांदा म्हटलात तर विचारतात बरं नाय काय. म्हणून नकार न देता आवरायचं कसं ते सांगतो.

पहिल्या वाढपात सगळंच कमी घ्या, मुद्दाम अर्धं, म्हणजे दुसऱ्यांदा वाढायला येणाऱ्याला वाढल्याचं समाधान मिळतं आणि तुमचं एकूण तेवढंच राहतं. आग्रह करणाऱ्याला वाढायचं असतं, तुम्ही किती खाल्लं हे कुणी मोजत नाही. गोडाला "पयलो अर्धो द्या, आवडलो तर मागान घेतंय" म्हटलं की चालतं, आणि तो अर्धा मोदक सावकाश खा, पान रिकामं दिसलं की भरलं जातं हे लक्षात ठेवा. भराभर संपवणारा माणूस पंगतीत सगळ्यात जास्त वाढला जातो.

आमचे एक आजोबा होते, त्यांची युक्ती जबरदस्त. बाकीची पंगत अजून वरण-भातावर असायची आणि हे शांतपणे म्हणायचे, "माका ताकभात घाल गो." ताकभात आला की वाढपी त्या पानाकडे परत भाजी, वडे, गोड घेऊन येतच नाही, ते पान संपलं असा अर्थ. कुणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही. आणि मग पान आपल्याकडे दुमडायचं. शहरातल्या पोरांना हे माहीतच नसतं, ती पान उघडं ठेवून मोबाईल बघत बसतात आणि मग एवढं वाढलं म्हणून रडतात.

खायचा क्रम पण बदलून बघा. डावीकडची कोशिंबीर, मग उजवीकडची भाजी, उसळ किंवा सांबारं, हे आधी बऱ्यापैकी संपवायचं आणि भात, गोड नंतर. भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की जेवणानंतर शुगर कमी उसळते. देवाला नैवेद्य दाखवताना गोड पहिलं, आपल्या पानात ते शेवटी आलं तर काय बिघडत नाही. अळूची भाजी दोनदा घ्या ना, त्यात शेंगदाणे असतात, फणसाच्या आठळ्या असतात, अळू असतो, पोट भरतं.

आणि सोलकढी. जेवण पचतं म्हणून तीन-तीन ग्लास पिणारे आहेत. अहो ती नारळाच्या दुधाची आहे, वर मीठ. एक वाटी प्या, आणखी हवं तर तिवळ प्या, म्हणजे आगळ (कोकमाचा आंबट रस), पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर, नारळ नाही. पोटाला तेवढंच बरं वाटतं.

आरती, भजन आणि मधलं सगळं

प्रसादाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणू पण नये. पण प्रसाद म्हणजे चिमूटभर, ओंजळभर नव्हे. आरतीला निघताना खिशात एक छोटी डबी किंवा पिशवी ठेवा, प्रत्येक घरी हातावर आलं त्यातलं चिमूटभर तोंडात, बाकीचं डबीत. कुणाला काही वाटत नाही, उलट घरच्यांसाठी नेतोय म्हणून कौतुक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं एकत्र करून पोरांना वाटा. पंचखाद्य तर खूपच जड, खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस, एकेक मूठ म्हणजे अर्धं जेवण.

चहाचं असं करा की पहिल्या घरी घ्या, मग सांगत जा की आत्ताच झाला, पाणी द्या. नाहीतर कोरा चहा बिनसाखरेचा मागा, लोक हसतील, हसूद्या. दोन वाड्यांच्या मधे चालत जा, एका आरतीहून दुसऱ्या आरतीला बाईकवर जाण्यात काय मजा आहे? रात्री जेवल्यावरसुद्धा दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी शुगरला फरक पडतो, फक्त हातात बॅटरी घ्या, भाद्रपदात साप-जनावर फिरतं.

भजनाचं मात्र अवघड आहे. भजन दहाला सुरू होणार, गजर रंगणार, एक वाजता संपणार आणि मग उसळ-पाव, बटाटेवडे, शिरा, कॉफी, आणि घरी जाऊन लगेच आडवं व्हायचं. छातीत जळजळ होणार नाही तर काय होईल. झोपायच्या दोनेक तास आधी तरी जड खाऊ नये. ज्यांच्याकडे भजन आहे त्यांना माझी विनंती, भजन सुरू व्हायच्या आधी बुवांना आणि मंडळींना खायला घाला आणि शेवटी नुसतं गरम तिवळ किंवा साखर कमी घातलेली कॉफी द्या. आणि जे खाणार त्यांनी द्रोणभर उसळ खा, पाव सोडा, काळ्या वाटाण्याची किंवा चवळीची उसळ नुसती पण छान लागते.

तिखट सण

बऱ्याच घरी गौरीला वशाट म्हणजे मांसाहारी नैवेद्य दाखवतात, कुणाकडे मटण, कुणाकडे कोंबडी-वडे, कुणाकडे कुर्ल्या (खेकडे). पूर्ण श्रावण पाळलेला माणूस महिनाभराने या पानावर बसतो, तेव्हा त्याला थोडं खा सांगणं म्हणजे पावसाला थांब म्हणण्यासारखं आहे. तरीपण. वडे तळलेले असतात, एका वेळी दोन पुरेत, बाकी रस्सा भाकरीबरोबर खा, मालवणी मसाल्याच्या रश्श्याला भाकरी पण तेवढीच चांगली लागते. वर भात घ्यायचाच असेल तर वडे एक कमी. मटणाच्या वर तरंगणारं तेल पळीने बाजूला करून वाढलं तर चव जात नाही, वाटप (वाटलेलं खोबरं-मसाला) खालीच असतं.

महिनाभर मांस नसलेल्या पोटात एकदम मटण, कोंबडी आणि कुर्ल्या तिन्ही नकोत, एक धरा. ज्यांना गाऊट आहे, म्हणजे पायाचा अंगठा सुजून ठणकतो आणि युरिक ॲसिड वाढलंय, त्यांनी मटण, कुर्ल्या, कोळंबी, तारले, बांगडे यांचा मारा आणि वर बिअर असा बेत करू नये, तिसऱ्या दिवशी विसर्जनाला चालता येणार नाही. बीपीवाल्यांनी सुकट, सोडे, पापड, लोणचं यांच्यावर नजर ठेवा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून.

बसायचं असेल तर

हा विषय लोक टाळतात, पण गावात कोण कधी दारूला बसतो हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे बोललेलं बरं. गणपती घरात असेपर्यंत बरेचजण हात लावत नाहीत आणि विसर्जन झालं रे झालं की तीन दिवसांचं एका रात्रीत भरून काढतात. तिथेच घोळ आहे.

आधी आकडे समजून घ्या. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, गोव्याच्या फेणीचं पण साधारण तेवढंच. म्हणजे ३० मिलीच्या एका लहान पेगात १० ग्रॅम अल्कोहोल. ६० चा लार्ज म्हणजे २०. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे ६० ग्रॅम. बिअर हलकी असं समजणाऱ्यांनी बघा, ६५० मिलीची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, एका बाटलीत चार लहान पेग. "मी फक्त दोन बिअर पिलंय" म्हणणाऱ्याने आठ पेग मारलेले असू शकतात.

लिव्हर हे तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगानेच काढतं. काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याने अंघोळ, ओकारी, याने वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहाला मुंबईला गाडी काढतो तेव्हा त्याला वाटतं झोप झाली, उतरली, पण रक्तात अजून शिल्लक असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा सोडा, पावसातला हायवे, समोरून येणारा ट्रक आणि मागे झोपलेली पोरं, एवढं पुरे आहे.

विसर्जनाच्या आधी एक थेंब नको, हे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. भाद्रपदात समुद्र खवळलेला असतो, नद्या भरलेल्या, ओढ कळत नाही, आणि मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरणारा माणूस पिलेला असेल तर तो आणि त्याला काढायला जाणारा दोघंही धोक्यात. ज्याने घेतलीय त्याने काठावर उभं राहून आरती म्हणावी.

बसायचंच असेल तर आधी जेवा, निदान भाकरी-भाजी पोटात असूदे, नुसता चकणा म्हणजे मीठ, मिठाने तहान लागते आणि तहानेला परत ग्लासच. पेग अंदाजाने ओतू नका, माप ठेवा, घरी ओतलेला पेग कायम मोठाच पडतो. एका पेगानंतर एक ग्लास साधं पाणी. किती घेणार ते बाटली उघडायच्या आधी बोलून दाखवा, बाजूला बसलेल्या बायकोला किंवा भावाला सांगितलं तर अजून चांगलं. बाटल्या मोजून आणा, संपली की संपली, रात्री साडेअकराला "जाऊन येतो रे पटकन" हेच सगळ्यात घातक. गोव्यातनं स्वस्त म्हणून परमिटशिवाय आणायच्या भानगडीत पडू नका, सीमेजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे. कुणी कुठून काढली माहीत नाही अशी गावठी तर अजिबात नको, मेथॅनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी घेतली तर रात्री झोपेत शुगर एकदम खाली जाऊ शकते आणि बाजूच्यांना वाटतं चढलीय, झोपूदे. मेट्रोनिडाझोल चालू असेल (पोट बिघडल्यावर हमखास देतात) तर दारू नाहीच. आणि जो पीत नाही त्याला "एकच घे रे, चतुर्थी आसा" करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, तेव्हा न घेणारा शहाणा आहे, त्याला तिवळ द्या.

ज्याला रोज लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम येतो, त्याच्यासाठी वरचं सगळं नाही. त्याची बाटली घरच्यांनी सणात लपवून एकदम बंद करणं पण धोक्याचं असतं, फिट येऊ शकते. डॉक्टरकडे न्या, किंवा १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाईन आहे, तिथे घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

वाढणाऱ्यांनो, आता तुमचं

खाणाऱ्यांना सांगून झालं, पण निम्मं तुमच्या हातात आहे. नैवेद्याला एकवीस मोदक लागतात ना, ते छोटे करा, लिंबाएवढे. देवाला आकाराचं काही नाही, आणि पानावर दोन पडले तरी एका मोठ्याएवढेच होतात. दिवसाला गोड एकच, मोदक आहेत तर खीर, शिरा, श्रीखंड कशाला? तळण एकच. नेवऱ्या पंधरा दिवस आधीपासून डबे भरून करता त्या निम्म्या करा.

ओलं खोबरं भाद्रपदातल्या दमटात टिकत नाही. मोदक, पातोळ्या, चटणी, वाटप घातलेलं काहीही त्याच दिवशी संपवा, उरलं तर गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये, आणि लाईट जाऊन-येऊन असेल तर फ्रिजवर पण भरवसा नको. भात सकाळपासून टोपात उघडा ठेवून रात्री फोडणीला घालू नका, त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष गरम करून जात नाही. टाकायचं जिवावर येतं म्हणून घरातली बाई ते उरलेलं सगळं खाते, दरवर्षी, आणि तिचंच पोट आधी बिघडतं. कमी शिजवा. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट द्या, आणि म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर वाट न बघता डॉक्टर.

शुगरवाल्या पाहुण्याला बाजूला काढून "तुझ्यासाठी शुगर फ्री केलंय" म्हणून वेगळा मोदक करू नका, त्याची पिठी आणि खोबरं तेच आहे. एक खराच छोटा मोदक द्या, भात कमी वाढा, गोळीची वेळ झालीय का विचारा. आरती लांबणार असेल तर इन्सुलिनवाल्याला वेळेवर खायला द्या, देव रागावत नाही.

आणि निघताना जे बांधून देता ते! नेवऱ्या, लाडू, चिवडा, कडक बुंदी, आगळाची बाटली, चार नारळ, कुळथाची पिठी, काळे वाटाणे. त्यातलं आगळ, पिठी आणि वाटाणे जास्त द्या, ते वर्षभर उपयोगाचं. चाकरमान्यांनी पण नको नको न करता सगळं घ्यावं, मात्र घरी पोचल्यावर नेवऱ्यांचा डबा टीव्हीसमोर ठेवू नका, चार-पाच बाजूला काढा आणि बाकीचा पहिल्याच दिवशी ऑफिसात उघडा, दुपारच्या जेवणाच्या आत संपतो.